दावणीला नसलेलं वासरू

मामा,

काल तुमचा दहावा झाला. नदीकाठी मांडव, खुर्च्या, माइक, सगळं तुमच्या तोऱ्याला शोभेल असं. एकेक जण उठून तुमच्यावर बोलत होता. ज्या पुढाऱ्याला तुम्ही जिवंतपणी ओट्यावर बसू देत नव्हता, तोच काल गळा काढून म्हणाला, "त्या दुष्काळात चेअरमनसाहेबांनी दूध सोसायटीची चारा छावणी चालवली, पण पाण्याच्या एका थेंबाचा घोळ होऊ दिला नाही!" मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायकांना वाटलं, सुनेला हुंदका आला. एकीनं पाठीवरून हातही फिरवला. मामा, मी हसत होते. कारण घोळ झाला होता. रोज सकाळी होत होता, छावणी उठेपर्यंत. तो तुम्हीच करत होता, आणि कशासाठी ते मला ठाऊक होतं.

मग पिंड ठेवले. माणसं बाजूला सरकली न सरकली तोच कावळा आला आणि भात उचलून गेला. लोक खूश. "कायबी राह्यलं न्हाई बघा चेअरमनचं. समद्या इच्छा पुऱ्या झाल्या." तुमचं कशाला राहील? आयुष्यभर पहिली भाकरी तुमच्या ताटात आणि शेवटचा शब्द तुमच्या तोंडात. राहिलंय ते माझं. त्याला कावळ्याचा काही उपयोग नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुमच्याबद्दल चांगलं बोलायला काल रांग लागली होती. त्यामुळे ते काम माझ्यावर येत नाही. मी तुमची सून. वैशूची आई. तुमच्या नातीच्या कातडीवरून तुमच्याशी बारा-तेरा वर्षं भांडलेली बाई. ते भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात, हे बरं केलं नाहीत.

वैशू पाळण्यात होती तेव्हा तिचे गाल लाल झाले. मग कोरडे, खरबरीत. रांगायला लागली तसं ते कोपराच्या वळीत आणि गुडघ्यामागं उतरलं. खाजवून खाजवून रक्त काढायची पोर. सकाळी तिच्या दुपट्यावर ठिपके असायचे. तुम्ही एकदाच बघितलंत, तेही लांबून, डेअरीला निघताना चपलेत पाय घालता घालता. आणि निकाल दिलात. "उष्णता हाय. आईच्या अंगातली. वांगी खाल्ली आसंल बाळंतपणात." झालं. गावात तुमच्या निकालावर अपील नव्हतं. आत्याबाई नवऱ्यापुढं गप्प, तुमचे चिरंजीव बापापुढं गप्प. मी पालीची, बिंदुसरा धरणाच्या काठची. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की दुखणं पालीहूनच आलंय. धर्मापुरीला दिलेल्या तुमच्या लेकीबाई, शकूताई, आल्या की पोरीचा हात उलटा करून बघायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या घरात असलं काय नव्हतं बाई."

मग तुमचा कायदा सुरू झाला. पोरीचं वांगं बंद. शेंगदाणा बंद, अंडं बंद, दही बंद. शेवटी दूधही बंद. अहो, ज्या माणसानं डेअरीच्या भिंतीवर लेकरांना दूध पाजा असं रंगवून घेतलं, त्यानं आपल्या नातीच्या हातातली दुधाची वाटी काढून घेतली! तुम्हाला लाज कशी वाटली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पोर वाळून काटकी झाली आणि खाज होती तिथंच. मी म्हटलं, मामा, खाणं तोडून काही फरक पडला का? तुम्ही म्हणालात, "तू चोरून देत आसशील."

आणि तुमचं ते मलम! डेअरीतल्या टेबलाच्या खणात तुम्ही एक ट्यूब ठेवायचा. कुणाला घामोळं असो, गजकर्ण असो, ढेकूण चावलेला असो, चेअरमन बोटभर मलम काढून देणार. तुमची डॉक्टरकी एवढीच, की मेडिकलवाल्यानं एकदा दिलं आणि तुमच्या मांडीवरचं गजकर्ण दबलं. ते तुम्ही वैशूच्या गालांना लावलंत. दोन-चार दिवसांत गाल गुळगुळीत. काय तो रुबाब! येणाऱ्याजाणाऱ्याला पोरगी उचलून दाखवत होता. "बघ, म्हणलतो का न्हाई?" लावायचं थांबवलं की दुपटीनं उसळायचं, की पुन्हा मलम. करता करता तिच्या गालांची कातडी अशी पातळ झाली की आतल्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. तेव्हा तुम्ही ट्यूब मुकाट खणात टाकलीत आणि म्हणालात, मेडिकलवालं बनावट माल देतंय. चूक कधी तुमची नसायचीच. ती बिचारी नेहमी दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला असायची.

शेवटी तुम्हाला न विचारता मी तिला घेऊन अंबाजोगाईला गेले. तुमच्या चिरंजीवांनी मोटरसायकलवरून आम्हाला एसटीपर्यंत सोडलं. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी बंडखोरी.

तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई तोंडानं फटकळ होत्या. मला एकदम आवडल्या. त्यांनी वैशूला मांडीजवळ घेतलं, कोपर बघितलं, गुडघे बघितले आणि आधी मला विचारलं, "हिला खरूज म्हणून लांब ठेवतात का?" मी म्हटलं, हो, अंगणवाडीत वेगळं बसवतात. "मग जाऊन सांगा, ही खरूज नाही. हिला कुणाकडून लागलेलं नाही आणि हिच्याकडून कुणाला लागणार नाही. हिची कातडी मुळात कच्ची आहे. आतली ओल धरून ठेवत नाही, आणि धूळ, घाम, साबण सगळं आत टोचतं. त्यानं खाज सुटते. खाजवलं की कातडी फाटते, फाटली की आणखी खाज. ते चाक थांबवायचं आपल्या हातात आहे." मी विचारलं, बरं कधी होणार? त्या म्हणाल्या, "एका ट्यूबमध्ये संपणारं हे दुखणं नाही. सांभाळायचं असतं. पुष्कळ पोरं मोठी होता होता सुधारतात. पण तोवर रोज करायचं."

काय करायचं ते त्यांनी मला दोनदा वदवून घेतलं. रोज आंघोळ, कोमट पाण्यानं, थोडाच वेळ. अंग घासायची वजरी नाही, डाळीचं पीठ नाही, वासाचा साबण नाही. अंग पुसताना घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवरच ते बिनवासाचं घट्ट मलम हातापायाला, पाठीला, सगळीकडं चोपडायचं. लाल झालेल्या जागेवर दुसरं औषधी मलम, पातळ, त्या सांगतील तेवढेच दिवस. "घाबरून मध्येच सोडायचं नाही आणि मनानं लांबवायचंही नाही. पिवळी खपली धरली किंवा पू दिसला तर सरळ इकडं यायचं." नखं कापायची, सुती घालायचं. आणि दूध सुरू करायचं. "कुणी बंद केलं दूध?" मी म्हटलं, दूध सोसायटीच्या चेअरमननं. बाई हसून हसून खोकल्या.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला दमा?" मी म्हटलं, सासऱ्यांना. तरुणपणापासून. "आणि हिच्या वडलांना?" सकाळी उठले की शिंका, नाक चोळून लाल. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बाई, वांग्यानं काही केलेलं नाही. दमा, शिंका आणि ही कातडी, बहुतेक एकाच घराण्यात फिरतात. हे तुमच्या सासरचंच दिसतंय." मामा, मी तिथं त्या स्टुलावर बसून रडले. पोरीच्या दुखण्यासाठी नाही. कुणीतरी पहिल्यांदा माझ्या अंगावरचं ओझं उचलून बाजूला ठेवलं म्हणून.

परत आले ती दुष्काळात. रोज आंघोळ म्हणे! आमच्याकडं विहिरीत दगड दिसत होते. हापश्याच्या दांड्याला लोंबकळलं तरी नुसता वारा. त्या वर्षी तुम्ही सोसायटीच्या नावानं युसूफ वडगावच्या रस्त्याला छावणी उघडलीत आणि गावातली जनावरं तिथं नेऊन बांधली. जनावरामागं माणूस लागतो, म्हणून आम्हीही गेलो. वर हिरवी जाळी, खाली बाज आणि चूल, समोर आपल्या दोन म्हशी आणि एक बैल. सकाळी टँकर यायचा. सोसायटीचा गंगाधर टँकरच्या नळाला उभा असायचा आणि तुम्ही प्रत्येक दावणीपुढं येऊन जनावरं मोठ्यानं पुकारायचा. जेवढी जनावरं तेवढ्या बादल्या. माणसाला पिण्यापुरतं, रांधण्यापुरतं. आंघोळीचं नाव काढायचं नाही. आणि हा नियम स्वतःच्या घराला आधी. "घरच्यास्नी जास्ती दिलं तर उद्या समदी छावणी माज्या नावानं शिमगा करंल," असं तुम्ही म्हणायचा. ह्यात तुमचं बरोबर होतं. तेवढं मान्य करते, माजू नका.

पण तिथल्या त्या धुळीत, कडब्याच्या भुश्श्यात आणि घामात वैशूची कातडी पेटली. मान, कोपर, पोटऱ्या, सगळं लाल. हात पुरेना तेव्हा ती छपराच्या खांबाला पाठ लावून घासायची, डोळे मिटून. ते बघवत नव्हतं. मी पाण्याच्या रांगेत तुमच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, मामा, एक बादली जास्तीची द्या, पोरीच्या आंघोळीला. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पालीची हाय ना. धरणात डुंबायची सवय. हितं मुकी जनावरं हंबरडा फोडायलीत आन् हिला पोरगी न्हाऊ घालायचीय!" लोक हसले. तुमच्या विनोदाला लोक हसायचेच. त्यांचं दूध तुमच्या काट्यावर जायचं.

तेव्हा माझा तोल सुटला. डोक्यावरचा पदर गेला, आवाजाची मर्यादा गेली, सगळं गेलं. मी म्हटलं, "माझ्या पालीचं नाव काढू नका. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, हे तुमच्या घरातून आलंय. तुमचा दमा आन् पोरीची कातडी एकच हाय. तुमी तिला दिलंय, तुमी! वांगी न्हाई खाल्ली मी!" सगळी छावणी आमच्याकडं बघत होती. म्हशीसुद्धा. तुम्ही काठी जमिनीवर आपटलीत, "गप ऱ्हा" म्हणालात आणि पुढच्या दावणीकडं गेलात. दिवसभर आमच्या छपरात आला नाहीत. मला वाटलं, आता माझी पालीला रवानगी होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या दावणीपुढं उभे राहिलात आणि पुकारलंत, "दोन म्हशी, एक बैल, एक वासरू!"

गंगाधरनं मान वाकडी करून बघितलं. "चेअरमन, वासरू कुटंय?"

"ते काय खांबाला अंग घासतंय. दिसंना का बे?"

खांबाला वैशू होती.

छावणी खो खो हसली. मामा, त्या क्षणी तुमच्या हातातली काठी घेऊन तुमच्याच डोक्यात घालावी असं मला वाटलं होतं. काल दहाव्याला एवढी गर्दी होती पण त्यातल्या कुणाच्याही मनात तुमच्याबद्दल इतकं खरं काही आलं नसेल. माझी पोर, चार माणसांत ढोर ठरवलीत. पण गंगाधरनं हसता हसता एक बादली जास्तीची भरली. आणि तुम्ही पुढं गेलात, मागं वळून न बघता.

रोज तेच. "दोन म्हशी, एक बैल, एक वासरू." हळूहळू लोकांचं हसणं संपलं, पुकारा राहिला. वैशूलाही सवय झाली. वासरू म्हटलं की ती हात वर करायची. मी बादली उन्हात ठेवायची, पाणी कोमट व्हायचं. दोन खांबांना साडी बांधून आडोसा करायचा, तिला घमेल्यात उभी करायची, तांब्या-तांब्यानं अंगावर सोडायचं. साबण नाही, घासणं नाही. टिपलं की लगेच मलम. जिथं फार आग व्हायची तिथं मलमावर ओल्या मऊ कापडाची पट्टी, तिच्यावर कोरडी. पट्ट्या तुमच्या जुन्या धोतराच्या होत्या. आत्याबाईंनी काढून दिलं. तुम्ही पोरीच्या पायाला ते गुंडाळलेलं बघितलंत आणि फक्त विचारलंत, "नवं तर फाडलं न्हाई ना?" घमेल्यातलं पाणी मी फेकत नव्हते. ते म्हशीच्या पाठीवर जायचं. म्हणजे तुमचा हिशेब तसा फार बिघडला नाही.

आणि कातडी शांत झाली. त्या फुफाट्यात, त्या उन्हात. तिला झोप लागायला लागली, मलाही लागायला लागली. कोपराच्या वळीत खडबडीतपणा राहिला, पण रक्त थांबलं. पाऊस पडून छावणी उठली तेव्हा तुम्ही पारावर बसून सांगत होता, "पोरीला छावणीची हवा मानवली." हवा! मला त्या पारासकट तुम्हाला उचलून नदीत टाकावंसं वाटलं.

पुढं तरी सुधारलात का? नाव नको. जत्रेतून वासाचे साबण आणायचा, लोकरीचा टोचणारा स्वेटर आणलात, कुणी सांगितलं म्हणून गोमूत्राची बाटली आणलीत. मी प्रत्येक वस्तू घेऊन तुमच्या बाजेवर परत ठेवली. वैशू मोठी झाली तसं म्हणायला लागलात, फुल बाह्यांचं घाल, पाव्हण्यांना दिसाया नको. तिनं तुमच्या देखत अर्ध्या बाह्या शिवून घेतल्या. ती कुणावर गेलीय ते सांगायला नको.

एक मात्र तुमच्या नावावर लिहावं लागेल. तुम्हाला दम्याचा पंप दिला होता आणि तुम्ही तो ओढत नव्हता. सवय लागते म्हणे. गावभर मलम वाटत फिरणारा माणूस स्वतःच्या औषधाला भ्यायचा! तर वैशूनं अट घातली. "आजोबा, तुमी पंप ओढा, मंग मी मलम लावते." आणि तुम्ही ऐकलंत. रोज सकाळी ओट्यावर ती आंघोळ करून ओल्या अंगानं यायची, तुम्ही पंप ओढून श्वास धरायचा, ती पोटऱ्यांना मलम चोळायची. एकमेकांवर पाळत. एक जण चुकला की दुसरा बोंब मारायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाकरी जोरात थापायची, कारण मला बरं वाटत होतं आणि तुमच्यामुळं बरं वाटावं हे मला परवडत नव्हतं.

मग त्या सकाळी डेअरीत कॅन उतरवणाऱ्यांवर ओरडता ओरडता तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. वैशू मलमाचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर तुमची वाट बघत होती.

तुमचं सुतक सुरू झालं. घरात तेल नाही, फणी नाही, साबण नाही. शकूताईंनी धर्मापुरीहून येऊन कारभार हातात घेतला. वैशूनं आंघोळ करून डबा उघडला तशा त्या गरजल्या, "आजा गेलाय आन् अंगाला चोपडत बसतीस? दहा दिस न्हाई लावलं तर मरत न्हाईस." मी म्हटलं, ताई, हे औषध आहे. "औषध गिळायचं आसतंय. हे चोपडायचं हाय. सुतकात चालत न्हाई." वैशू रडून रडून आधीच थकलेली होती. आजोबांसाठी एवढं करते म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिची मान लाल, चौथ्या दिवशी कोपराच्या वळ्या फाटल्या. भेटायला येणाऱ्या बायकांमध्ये बसून ती शांतपणे, ओढणीखालून, खाजवत होती. आणि मी विचार करत होते, की हा माणूस मेला तरी माझ्या पोरीची कातडी सोडत नाही.

मी उठले. डबा आणला. भर बैठकीत वैशूपुढं ठेवला आणि म्हटलं, लाव. शकूताई उसळल्या. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "बापाच्या जिवाला शांती मिळू दे गं जरा! आन् आमच्या घराला हे कदी ठावं तरी हुतं का? तूच आणलंस पालीहून हे दुखणं."

आत्याबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून होत्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी धड शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "पालीहून न्हाई आलं. ह्यांच्याकडून आलंय. त्यास्नी ठावं हुतं."

त्याच स्वरात त्या पुढं बोलत राहिल्या. "छावणीत ही वरडली हुती ना, त्या दिशी ते जेवले न्हाईत. कडब्याच्या गंजीमागं बसून राह्यले. मला म्हणले, माजा दमाच पोरीच्या कातड्यात गेलाय म्हणं. लई जपाया पायजे तिला. मंग म्हणले, सकाळी वासरू म्हणून पुकारतो, कोन काय बोलतंय बघू."

माझ्या तोंडून एवढंच आलं, "मंग मला का न्हाई बोलले आत्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चेअरमन हुते ना," त्या म्हणाल्या. आणि आपला हात पुढं केला, बांगड्या नसलेला. "वैशे, आदी मला लाव. हात लई उललेत, भेगा पडल्यात. मंग तू लाव. विधवेनं मोडलंय म्हणावं सुतक, कुणाला काय म्हणायचं ते मला म्हणा."

वैशूनं आजीच्या हाताला मलम लावलं. मग स्वतःच्या कोपरांना. शकूताई उठून आत गेल्या.

तर मामा, तुम्हाला ठाऊक होतं. त्याच दिवसापासून. त्यानंतर लग्नात, बारशात, हळदीकुंकवात, जिथं जिथं पोरीचा हात उघडा पडला तिथं तिथं बायकांनी माझ्याकडं बघितलं आणि तुम्ही बाजूच्या खुर्चीत सुपारी कातरत बसलात. एक वाक्य होतं. आमच्याकडून आलंय. एवढंच. तुमच्या तोंडून ते आलं असतं तर शकूताईंची काय, अख्ख्या तालुक्याची मला पुन्हा बोलायची हिंमत झाली नसती. पाणी चोरून दिलंत. अख्ख्या छावणीला फसवलंत, स्वतःचा नियम मोडलात, सगळं केलंत, पण ते एक वाक्य काही तुमच्या घशातून बाहेर पडलं नाही. इतके भित्रे असाल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तुम्हाला हट्टी समजत होते, अडाणी समजत होते. भित्रे म्हणून मी तुमचा आत्ता, मेल्यावर, पहिल्यांदा तिरस्कार करतेय, आणि तो करताना दर वेळी मध्ये ती बादली येते.

काल त्या पुढाऱ्यानं थेंबाथेंबाची गोष्ट सांगितली तेव्हा हसताना मी गर्दीत गंगाधरला शोधलं. म्हातारा झालाय. तोही माझ्याकडंच बघत होता. त्यानं मान खाली घातली. वासरू ही नुसती थट्टा नव्हती, पोरीचं पाणी होतं, हे त्यालाही पहिल्या दिवसापासून कळलेलं असणार. म्हणजे अख्ख्या छावणीला कळलं असेल. आणि कुणी बोललं नाही, मामा. तुम्ही समजत होता तेवढी वाईट माणसं नव्हती ती. सांगून टाकलं असतंत तरी त्यांनी बादली दिली असती.

आज सकाळी घर सारवून झालं. पाहुणे गेले. शकूताई जाताना वैशूच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. मान अजून लाल आहे तिची, उतरेल आठवड्याभरात, ते आता आम्हाला कळतं. तुमचा पंप ओट्याच्या कोनाड्यात तसाच आहे. वैशू तो उचलू देत नाही.

मी तिच्या आंघोळीचं पाणी काढत होते. नळाला पाणी होतं, भरपूर, कुणाला विचारायचं नव्हतं. बादली भरली आणि उचलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "एक वासरू." मोठ्यानं, तुम्ही पुकारायचा तसं. आतून वैशूनं "आले" म्हटलं.

मला तिथंच खाली बसावं लागलं, इतकं रडू आलं. लई खूश होऊ नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.